नऊ मीटर

पिसुर्ल्याच्या बंद खाणीच्या आवारात
सकाळी आठला क्रेन उभी राहिली.
खाली काँक्रीट, काँक्रीटवर वीतभर पोलाद.
पेटी ज्या जमिनीवर पाडायची
ती तसूभरही हलता कामा नये, असं नियमात आहे.
अशी जमीन गोव्यात मिळेना,
म्हणून ओतून घेतली.

पेटी शाबा गावसाची.
चार महिने कुंडईच्या शेडमध्ये
प्रत्येक जोडावरून त्याने नख फिरवलं.
नारिंगी रंगाचा दुसरा हात द्यायला
रविवारीही आला.
आज वर बघत म्हणाला,
बाय, इतकी देखणी वस्तू आपण
पाडायला केली?
मी म्हटलं, पाडायलाच.
त्याने बिडी ओठांत धरली. पेटवली नाही.

आत खरं इंधन नाही.
नळ्यांमध्ये शिसं, तेवढ्याच वजनाचं.
तसं खरंही, ताजं असेतो, गरीबच असतं.
हातमोजे घालून उचला, पुसा, मोजा.
भट्टी अजून त्याने पाहिलेली नसते.
भय एकच: फार जवळ येण्याचं.
आणि पाण्याचं.

म्हादईच्या काठी वाढले मी,
आग पाण्याने विझते हे न शिकवता कळलेलं.
इथे उलटं.
नळ्या एकमेकींकडे सरकल्या, मध्ये पाणी शिरलं,
की पाणीच त्यांना बोलतं करतं.
म्हणून कागदावर मी ही पेटी
कितीदा बुडवली आहे:
पूल तुटलेला, ट्रक नदीत,
फटीफटीत पाणी,
आणि तरी आतून हूं की चूं नाही.

बाबा कांकणकार होते.
केरीपासून सुर्लापर्यंत
पाठीवर काचेचा भारा, गवतात, सुती चिंध्यांत.
एकदा साकवावरून घसरले.
गुडघा फुटला, बांगड्या सात.
घरी येऊन आधी त्या सात मोजल्या, मग गुडघा बांधला.
म्हणाले, काच पडून फुटत नाही गो,
शेजारच्या काचेने फुटते.

मी इंजिनिअर झाले
त्यात हे वाक्य कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

साडेदहा. वारा पडला.
एक कोपरा बरोबर खाली, सगळं वजन त्याच्या माथ्यावर.
हा सर्वांत वाईट कोन
शोधायला मला सात आठवडे लागले.
मिंगेलने कळ ओढली.

नऊ मीटर.
दीड सेकंदही लागत नाही.

आवाज डोंगराला लागून परत आला.
तांबडी धूळ उठली, कित्येक वर्षांनी.
कुंपणापलीकडून एक म्हातारी धावत आली,
पदर खोचलेला, हाताला पीठ:
खण सुरू जाली?
कुणाला काही उत्तर सुचलं नाही.
मिंगेल म्हणाला, ना माये, पेटी पडली.
ती थोडा वेळ धुळीकडे बघत राहिली.

कोपरा चेपला होता, भाकरी दुमडावी तसा.
आतला फोम पिळवटलेला.
अठ्ठेचाळीसातले तीन बोल्ट तुटले,
एक मला बूटाजवळ सापडला, अजून कोमट.
शाबा पाठ करून उभा.

झाकण उघडायला दुपार झाली.
मी पट्टी घातली, नळी आणि नळीमध्ये,
पहिल्या ओळीत, मधल्या, शेवटच्या.
अंतर तेच. केसभर कमी, सोळाव्या जागी. लिहून घेतलं.
पुन्हा मोजलं, उगाच.

शाबा, ये बघ.
तो आला. आत नाही बघितलं.
चेपलेल्या कोपऱ्यावरून नख फिरवलं,
जोड कुठेच उसवला नव्हता.
आता दुरुस्त करूया?
नाही. आता हीच, अशीच,
मीटरभरावरून खुंटावर पाडायची.
मग अर्धा तास आगीत, आठशे अंशांवर.
अशीच? मोडकी?
अशीच.

तो काही बोलला नाही.
ओठांतल्या बिडीसाठी खिशातली काडेपेटी काढली
आणि मिंगेल खड्ड्याकडून ओरडला,
शाबा, पिशा! रॉकेल आलंय!

तेव्हा तो काडेपेटी मुठीत धरून
चालत गेला, फाटकाच्या पार,
आंब्याच्याही पलीकडे,
बराच लांब.